आपण लिहिलेलं आपलं कसं राहील: कॉपीराईटच्या कामापुरत्या गोष्टी

"ताई, संहितेचा कॉपीराईट काढायला किती खर्च येतो?" एकांकिका स्पर्धांचे दिवस जवळ आले की हा प्रश्न मला दर वर्षी चार-पाच पोरं तरी विचारतात, आणि मी दर वेळी तेच सांगते की अरे तो काढावा लागतच नाही, तू संहिता लिहून काढलीस तेव्हाच तो तुझा झाला. यावर पटकन कुणाचा विश्वास बसत नाही. आपल्याकडे रेशनकार्डापासून सातबाऱ्यापर्यंत सगळं कुठून ना कुठून काढून आणायचं असतं, त्यामुळे कॉपीराईट पण कुठल्यातरी ऑफिसात शिक्का मारून मिळत असणार असंच वाटतं. मी सांगलीत राहते, एकांकिका लिहिते, दिवाळी अंकांत कथा लिहिते, वकील नाहीये, पण दोनदा चांगलीच पोळले म्हणून कायद्याचं पुस्तक आणून कलम-कलम वाचून काढलं, आणि जे कळलं ते नवीन लिहिणाऱ्यांना, चाली लावणाऱ्यांना, फोटो काढणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून सांगतेय.

आपल्याकडे जो कायदा चालतो तो १९५७ चा, २१ जानेवारी १९५८ पासून लागू झालेला, आणि त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या, त्यातली २०१२ ची आपल्यासारख्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची. कथा, कविता, लेख, नाटक, गाण्याचे शब्द, गाण्याची चाल, चित्र, फोटो, शिल्प, सिनेमा, ध्वनिमुद्रण, इतकंच काय कॉम्प्युटर प्रोग्रॅमसुद्धा, सगळं यात येतं. अट एवढीच की ते तुमचं स्वतःचं हवं आणि कुठल्यातरी रूपात उतरलेलं हवं, मग ते वहीत असो, मोबाईलवर टाईप केलेलं असो. गोलातला सी, म्हणजे © ही खूण, टाकला नाही तर हक्क जातो असं काही नाही. टाकला तर चांगलं, समोरच्याला कळतं की हा माणूस जागा आहे.

कल्पनेवर मात्र हक्क नसतो

हे नीट समजून घ्या, कारण निम्मी भांडणं इथेच होतात. "माझी आयडिया चोरली" असं म्हणून कोर्टात काही होत नाही. समजा मी एकांकिका लिहिली की गिरणी बंद पडते, बाप घरी बसतो, मुलगी कमवायला लागते आणि घरातलं सगळं उलटंपालटं होतं. ही गोष्ट कुणीही लिहू शकतो, उद्या दहा जणांनी लिहिली तरी मी काही बोलू शकत नाही. पण माझी पात्रं, माझ्या प्रसंगांची रचना, माझे संवाद, शेवट ज्या पद्धतीने येतो ती पद्धत, हे माझं आहे. १९७८ साली सुप्रीम कोर्टात यावर मोठी केस झाली, एका नाटककाराचं म्हणणं होतं की प्रांतवादावरचं माझं नाटक चोरून सिनेमा काढला, आणि कोर्टाने सांगितलं की विषय सारखा असला म्हणून नक्कल होत नाही, दोन्ही बघणाऱ्या माणसाला हे त्याचंच उचललंय असं स्पष्ट वाटलं पाहिजे. नाटककार हरले. आजही कोर्टात हीच कसोटी लावतात.

म्हणून माझं सांगणं असं की कुणाला गोष्ट तोंडी ऐकवायच्या आधी ती लिहून काढा, निदान प्रसंगवार दोन-चार पानं तरी, आणि ती ईमेलने त्याच माणसाला पाठवा. "काल आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे माझी गोष्ट सोबत जोडली आहे" एवढी एक ओळ. यातून तारीख राहते, कुणाला ऐकवली ते राहतं. मुंबईत सिनेमा-मालिकांसाठी लिहीत असाल तर स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन तिथे संहिता नोंदवता येते, सरकारी नोंदणी नसली तरी तारखेचा चांगला पुरावा होतो.

नावांचं पण तेच. नुसत्या शीर्षकावर कॉपीराईट मिळत नाही, २०१५ मध्ये 'देसी बॉईज' या नावावरून झालेल्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्टच सांगितलंय, तेव्हा तुमच्या नाटकाचं नाव कुणी वापरलं तर वाईट वाटेल हे खरं, पण या कायद्यात त्यावर इलाज नाही.

हक्क कुणाचा

साधारणपणे ज्याने केलं त्याचा. पण नोकरीत असाल आणि नोकरीचा भाग म्हणून केलं असेल तर वेगळा करार नसल्यास मालकाचा. वर्तमानपत्रात किंवा मासिकात पगारी असाल तर पेपरात छापण्यापुरता हक्क मालकाचा आणि बाकीचा, म्हणजे उदाहरणार्थ त्या लेखांचं पुस्तक काढायचा, तुमचा. हे बऱ्याच पत्रकारांना माहीतच नसतं.

फोटोग्राफर मंडळींनी इथे थांबून वाचा. लग्नाचे, पोर्ट्रेटचे फोटो कुणी पैसे देऊन काढून घेतले तर उलट काही ठरलं नसेल तेव्हा फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा असतो, तुम्ही नाही. म्हणजे नवरा-नवरीचे फोटो स्वतःच्या पेजवर जाहिरातीसाठी टाकायचे असतील तर ऑर्डर घेतानाच पावतीवर एक ओळ लिहून सही घ्यायची. सिनेमा आणि पैसे देऊन काढून घेतलेलं पेंटिंग यांना पण हाच नियम. पण लेख, संहिता, वेबसाईटचा मजकूर असं फ्रीलान्स काम असेल तर ते करणाऱ्याचं, पैसे घेतले म्हणून हक्क आपोआप गेला असं होत नाही. दिवाळी अंकाने मानधन दिलं म्हणजे तुमची कथा त्यांची झाली नाही, त्यांना त्या अंकात छापायची परवानगी मिळाली, बस.

खरा घोळ सहीचा

माझा पहिला फटका इथला. सात एकांकिकांचं पुस्तक निघणार म्हणून मी हवेतच होते, प्रकाशकाने एक पानाचा कागद पुढे केला, त्यात "सदर लेखनाचे सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी" असं लिहिलेलं होतं आणि मी वाचून पण सही केली, कारण पुस्तक निघतंय यापुढे दुसरं काही दिसत नव्हतं. दोन वर्षांनी एका ग्रुपला त्यातल्या एका एकांकिकेवर शॉर्ट फिल्म करायची होती आणि त्यांना हो म्हणायचा अधिकार माझ्याकडे उरलाच नव्हता. स्वतः लिहिलेल्या गोष्टीसाठी मी दुसऱ्याकडे परवानगी मागत बसले होते. ते आठवलं की अजून पोटात ढवळतं, म्हणून हा भाग जरा लांबवतेय.

दोन शब्द पक्के डोक्यात ठेवा. एक म्हणजे परवानगी देणं आणि दुसरं म्हणजे हक्क देऊन टाकणं. परवानगीत घर भाड्याने दिल्यासारखं असतं, घर तुमचंच. हक्क दिला की खरेदीखत झालं. आणि समोरच्याला नव्वद टक्के वेळा फक्त परवानगीच लागत असते, छापायला, प्रयोग करायला, एकदा रेकॉर्ड करायला, पण कागद मात्र तो खरेदीखताचा आणतो कारण त्याच्या ऑफिसात तोच छापून ठेवलेला असतो.

हक्क द्यायचाच असेल तर कायद्याचं १९ वं कलम तुमच्या बाजूने आहे. हक्क तोंडी देता येत नाही, लेखी आणि सही केलेलाच लागतो. त्यात कुठलं लेखन, कुठला हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशात, आणि पैसे किती हे सगळं असायला हवं. वर्षं लिहिली नसतील तर ५ वर्षंच धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, आणि घेणाऱ्याने १ वर्षात तो हक्क वापरलाच नाही तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तेव्हा तो संपतो. किती चांगलं आहे बघा, काहीच लिहिलं नाही तर कायदा तुम्हाला सांभाळतो, आणि "कायमस्वरूपी" हा एक शब्द लिहून सही केली की ते सगळं संरक्षण आपल्याच हाताने पुसलं जातं. तो शब्द दिसला की पेन खाली ठेवायचं आणि त्या जागी ३ किंवा ५ वर्षं लिहा म्हणायचं. "सर्व माध्यमांतील" दिसलं की तिथे छापील पुस्तक, ई-बुक, जे खरंच देताय तेवढंच नाव घेऊन लिहायचं. मी पुढच्या पुस्तकाला हे केलं, प्रकाशक रागावतील असं वाटलं होतं, त्यांनी काही न बोलता खोडून दुरुस्त केलं.

गीतकार आणि संगीतकारांसाठी २०१२ च्या दुरुस्तीने मोठी गोष्ट केली. त्याआधी १९७७ च्या एका निकालामुळे सिनेमातलं गाणं एकदा निर्मात्याचं झालं की लिहिणाऱ्याला पुढे फारसं काही उरत नव्हतं. आता सिनेमात गेलेल्या गाण्याच्या शब्दांची आणि चालीची रॉयल्टी, थिएटरमध्ये सिनेमा दाखवण्यापलीकडे गाणं जिथे जिथे वाजेल तिथली, निम्म्या वाट्याने तुम्हाला मिळायलाच हवी आणि हा वाटा तुम्ही सही करून पण सोडू शकत नाही, फक्त वारसाला किंवा रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीला देऊ शकता. मुंबईत आयपीआरएस ही १९६९ पासूनची सोसायटी हे काम करते. गाणी लिहीत असाल आणि तुमचं एखादं गाणं बाहेर आलेलं असेल तर सभासद व्हा, लाजू नका.

प्रयोगाच्या परवानगीसाठी मी आता जे पत्र देते ते असंच उचला, माझी काही हरकत नाही: "मी लिहिलेल्या अमुक एकांकिकेचे प्रयोग अमुक संस्थेला अमुक स्पर्धेसाठी, प्राथमिक आणि अंतिम फेरी धरून जास्तीत जास्त दोन वेळा करण्याची परवानगी देत आहे. मानधन प्रति प्रयोग इतके रुपये. पत्रक, जाहिरात आणि निवेदनात लेखिका म्हणून माझे नाव द्यावे. संवादांत बदल करायचा असल्यास आधी विचारावे. चित्रीकरण, इंटरनेटवरील प्रसारण, भाषांतर आणि इतर सर्व हक्क माझ्याकडे राहतील." खाली तारीख, सही, आणि त्यांच्याकडून पण सही घेतलेली एक प्रत. व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवला तरी चालतो पण जपून ठेवा.

दुसऱ्याचं वापरायचं असेल तर

आपलं जपायचं तर दुसऱ्याचं पण जपायला हवं ना. लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची, तोपर्यंत हक्क वारसांकडे किंवा ज्याला दिला असेल त्याच्याकडे. आधी ही मुदत ५० होती, १९९२ मध्ये ६० केली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे २०१० च्या शेवटी मुदत संपली, त्यांच्या हयातीत छापलेल्या पुस्तकांवर आज कुणीही नाटक करू शकतं. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, तर २०२९ संपेपर्यंत परवानगी हवीच. कुसुमाग्रज १९९९, म्हणजे २०५९. लेखक गेल्यानंतर पहिल्यांदा छापलं गेलेलं लेखन असेल तर छापल्यापासून ६० मोजतात, बहिणाबाईंचं असंच आहे, त्या डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या आणि गाणी पुस्तकात आली १९५२ मध्ये, त्यामुळे त्या पुस्तकाची मुदत २०१२ च्या शेवटापर्यंत होती. सिनेमा आणि रेकॉर्डिंगला प्रसिद्ध झाल्यापासून ६०.

पण मोकळं झालेलं वापरताना एक सावधगिरी. अभंग, ओव्या, भारुडं सगळ्यांची आहेत, पण कुणीतरी गेल्या वीस-तीस वर्षांत त्यावर लिहिलेला अर्थ, टीपा, प्रस्तावना त्या माणसाची आहे. तुकोबांचा अभंग तुम्ही स्वतः चाल लावून गायलात तर कुणी अडवू शकत नाही, पण कुणा गायकाची रेकॉर्डिंग उचलून व्हिडिओला लावलीत तर रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा. गाणं म्हणजे एक वस्तू नाही, शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग असे तीन थर असतात आणि तिघांचे मालक तीन असू शकतात. भाषांतराचं पण असंच, मूळ पुस्तक मोकळं असलं तरी परवाचं भाषांतर भाषांतरकाराचं.

कायद्याच्या ५२ व्या कलमात सूट दिलेल्या गोष्टींची लांबलचक यादी आहे, त्यातल्या रोजच्या कामाच्या तेवढ्या सांगते. स्वतःच्या अभ्यासासाठी, समीक्षेसाठी, बातमीसाठी बेताचा उतारा घेता येतो. कॉलेजच्या गॅदरिंगला विद्यार्थी-शिक्षकांनी नाटक केलं आणि बघायला तिथलेच लोक आणि पालक असतील तर परवानगी लागत नाही. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलं तरी सूट आहे. धार्मिक कार्यक्रम आणि लग्नाची वरात यांना पण आहे. पण तिकीट लावलं, किंवा त्याच प्रयोगाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला, की ही सूट संपली. इथेच लोक फसतात, गॅदरिंग झालं तेव्हा सगळं ठीक होतं आणि अपलोड केल्यावर चॅनलला स्ट्राईक, म्हणजे यूट्यूबचा कॉपीराईटचा इशारा, येतो, नव्वद दिवसांत असे तीन आले की चॅनल बंद. "३० सेकंद चालतात" असा नियम आपल्या कायद्यात कुठेही नाही. "क्रेडिट दिलंय ना मग" हे पण नाही, नाव देणं वेगळं आणि परवानगी घेणं वेगळं, दोन्ही करायचं असतं.

नोंदणी करावी का

सक्तीची नाही. मुंबई हायकोर्टाने २०२१ मध्ये परत एकदा सांगितलं की नोंदणी नसली तरी दावा लावता येतो. तरी पुस्तक, सिनेमाची पटकथा, एखादं चाललेलं गाणं असेल तर मी करा म्हणेन, कारण नोंदणीचं सर्टिफिकेट कोर्टात पहिल्या नजरेचा पुरावा धरतात, मग ते खोटं आहे हे दाखवायचं काम समोरच्यावर येतं. प्रत्येक कवितेची वेगळी करत बसू नका, संग्रहाची करा.

ऑफिस दिल्लीत द्वारकेला आहे पण जावं लागत नाही. कॉपीराईट डॉट गव्ह डॉट इन वर खातं उघडायचं, १४ नंबरचा फॉर्म भरायचा, लेखनाची फाईल जोडायची, सहलेखक असेल किंवा पुस्तक दुसऱ्याने छापलं असेल तर त्यांचं ना-हरकत पत्र, आणि फी ऑनलाईन. लेखन, नाटक, संगीत, चित्र याला ५०० रुपये, रेकॉर्डिंगला २०००, सिनेमाला ५०००. एजंट याचे कितीतरी पट घेतात, गरज नाही. फॉर्म गेला की डायरी नंबर येतो, मग ३० दिवस थांबायचं, कुणाची हरकत येते का बघतात, नंतर तपासणी. काही त्रुटी काढली तर पत्र येतं, त्याला मुदतीत उत्तर द्या नाहीतर अर्ज पडून राहतो.

कुणी चोरलंच तर

माझा दुसरा फटका. २०१७ मध्ये एका जुन्या विद्यार्थ्याने व्हिडिओची लिंक पाठवली, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजने माझी एकांकिका नाव बदलून केली होती आणि लेखक म्हणून भलत्याचंच नाव. वाक्यच्या वाक्यं माझी. त्या रात्री झोप लागली नाही. पण नशिबाने तीन वर्षांपूर्वी दिग्दर्शकाला ईमेल केलेला मसुदा होता, वहीतली खाडाखोड केलेली पानं होती. मग मी जे केलं त्याच क्रमाने सांगते.

आधी पुरावा गोळा केला, अजून कुणाला फोन पण केला नव्हता. व्हिडिओ उतरवून घेतला, स्क्रीनशॉट तारखेसकट, पत्रकाचा फोटो, आणि दोन्ही संहितांतले सारखे संवाद शेजारी शेजारी लिहून काढले. मग त्या कॉलेजच्या प्रमुखांना शांत भाषेत पत्र, पोस्टाने पोचपावतीसह, तीन मागण्या: व्हिडिओ काढा, माझं नाव जाहीर करा, मानधन द्या. शिवीगाळ नाही, फेसबुकवर पोस्ट नाही. पुरावा नसताना कायद्याची धमकी दिली तर समोरचा उलट तुमच्यावर दावा लावू शकतो, ६० वं कलम आहे तसं, म्हणून खात्री असल्याशिवाय नोटीस पाठवू नका. त्यांनी तीन आठवड्यांत लेखी माफी आणि मानधन दिलं.

तसं झालं नसतं तर यूट्यूबच्या फॉर्मवरून तक्रार करता येते. आपल्या २०१३ च्या नियमांप्रमाणे वेबसाईटला लेखी तक्रार दिली की ३६ तासांत तो मजकूर बंद करायचा असतो, पण फक्त २१ दिवसांसाठी, तेवढ्यात कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते परत चालू करू शकतात. दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या कोर्टात लावता येतो, चोराच्या गावी जावं लागत नाही. जाणूनबुजून केलेली चोरी फौजदारी गुन्हा पण आहे, ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड, त्यामुळे पोलिसात पण जाता येतं.

आणि कवितेखालचं नाव कापून फॉरवर्ड करतात, किंवा कुठल्यातरी मोठ्या कवीच्या नावावर खपवतात, त्याचं काय? यासाठी ५७ वं कलम आहे. आपलं नाव लागणं आणि आपल्या कामाची नाचक्की होईल अशी मोडतोड न होणं, हे दोन हक्क सगळे बाकीचे हक्क विकून टाकले तरी लेखकाकडेच राहतात. दिल्लीत विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने उखडून गोदामात टाकलं होतं, शिल्प सरकारच्या मालकीचं होतं तरी २००५ मध्ये हायकोर्टाने ते त्यांना परत द्यायला लावलं आणि वर ५ लाख भरपाई. ग्रुपवर नाव कापलेलं दिसलं की मी तिथेच मूळ लिंक टाकून सांगते की ही अमक्याची कविता आहे. तुम्ही पण सांगा, दुसऱ्याच्या कवितेसाठी तर नक्की सांगा.

दिवाणी दाव्याला मुदत ३ वर्षांची असते, तेव्हा "बघू पुढे" करत बसू नका. आणि वकिलाच्या फीची भीती वाटत असेल तर जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना पण मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. जाताना लेखनाच्या तारखेचा पुरावा असलेले ईमेल प्रिंट काढून न्या, पहिल्याच भेटीत तेच मागतात.